लाल दोऱ्याचे पट्टे

मी आयुष्यात तीनदा सपशेल पडलो. एकदा शाळेच्या भिंतीवरून, एकदा ट्रकच्या टपावरून आणि एकदा नातीच्या झोळीतून. पहिल्या दोन वेळा अंगात रग होती, उठलो आणि चालू लागलो. तिसऱ्यांदा पडलो तेव्हा सत्तरी उलटलेली. आणि पाडलं कोणी? जिच्या हातच्या पट्ट्यांनी माल बांधून मी बावीस वर्षं ट्रक चालवला आणि एक खोकं रस्त्यावर सांडू दिलं नाही, त्या बाईने.

तिला आम्ही ट्रकवाले पाठीमागे ठिणगीबाई म्हणायचो. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. गॅरेजच्या मागच्या गल्लीत तिची एक लांबट खोली. दारातच जाड सुईचं काळं मशीन, भिंतीला पट्ट्यांची भेंडोळी, आणि मागच्या अंगणात जमिनीत गाडलेले दोन लोखंडी खांब. आत धाकटी बहीण राहायची, तिला सगळेच धाकटी म्हणायचे. ती गोधड्या आणि उशांचे अभ्रे शिवायची.

ठिणगीबाईचा राग मी इतक्या जवळून पाहिलाय की त्याच्या वेळासुद्धा मला पाठ होत्या. सकाळी मशीनला तेल घालताना ती मशीन बनवणाऱ्यावर चिडायची. दुपारी दोरेवाल्यावर. अलीकडे तर दोरेवाल्याची धडगत नव्हती. "हा लाल आहे? हा लाल?" रीळ त्याच्या नाकासमोर नाचवत ती ओरडायची. "भाजलेल्या विटेचा चुरा देतोस मला! गेली तीन वर्षं रंग फिका होत चाललाय, गिऱ्हाईक आंधळं समजतोस?" दोरेवाला बिचारा म्हणायचा, "बाई, कंपनी तीच, नंबर तोच." त्यावर ती म्हणायची, "मग कंपनी चोर!"

लाल दोऱ्याचं तिला एवढं काय, तेही सांगतो. तरुणपणी ती पट्ट्यांच्या कारखान्यात होती. तिथे काळ्या पट्ट्यावर लाल दोऱ्याने शिवायची. नवीन मुकादम आला आणि म्हणाला, काळ्यावर काळा दोरा घाला, माल सुबक दिसतो. ही भर पाळीत उभी राहिली. "कापड काळं, दोरा काळा, मग चुकलेला टाका शोधायला कोण येणार, तुमचा सासरा? मला माझी चूक दिसली पाहिजे!" मुकादमाने तिला घरी पाठवलं, तेव्हा तिने या खोलीत स्वतःचं मशीन मांडलं. पुढच्या महिन्यात त्या सुबक काळ्या दोऱ्याचा एक पट्टा माझ्याच ट्रकवर चढावर सुटला आणि ट्रकवर लादलेली पिठाची गिरणी अख्खीच्या अख्खी नाल्यात गेली. तेव्हापासून मी तिचाच गिऱ्हाईक.

तर यंदा काय झालं, माझी नात कॉलेजातल्या पोरांबरोबर जंगलात दोन दिवस राहायला निघाली. तंबूत नाही. दोन झाडांमध्ये कापडी झोळी बांधायची आणि तिच्यात झोपायचं. तिला ती हॅमॉक म्हणते. मी म्हटलं, "अगं, तान्ही होतीस तेव्हा झोळीत घातली की बोंब मारायचीस, आता पैसे देऊन लटकणार?" ती म्हणाली, "आजोबा, तुम्हाला कळत नाही. दोरीने झाडाची साल कापली जाते, म्हणून रुंद पट्टे घ्यावे लागतात." चौकातल्या सहलीच्या सामानाच्या दुकानातून तिने पट्ट्यांची जोडी आणली होती. मी हातात घेतली. काळा पट्टा, टोकाला मोठा फास, फासाच्या शिवणीवर चौकट आणि मध्ये फुली. दोरा लाल. मी खूश झालो. म्हटलं, "पोरी, डोळे मिटून झोप. हे ठिणगीबाईचं काम आहे."

अंगणातल्या दोन झाडांना झोळी बांधली. नात बसली, झुलली, उतरली. मग म्हणाली, "बसा की आजोबा." बसलो. पाय वर घेतले. वर फांद्या, फांद्यांमध्ये आभाळ, वाटलं आपण उगीच इतकी वर्षं खाटेवर झोपलो. तेवढ्यात डोक्याकडून टरटर आवाज आला, जसं कोणी शिवण उसवतंय, आणि मी दगडी फरशीवर बसलो. म्हणजे बसलो कसला, आदळलो. नात आधी किंचाळली, मग हसली, मग माझं तोंड बघून हात द्यायला धावली.

फास उसवला होता. पट्टा धड, चौकटीचा एक कोपरा तेवढा उरलेला.

मला दुखलं कमी आणि राग जास्त आला. तसाच लंगडत गॅरेजमागच्या गल्लीत गेलो, नात मागे. ठिणगीबाई मशीनवर होती. मी उसवलेला पट्टा तिच्या मांडीवर फेकला.

"हे काय शिवलंस?"

तिने पट्टा डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, परत जवळ आणला. "हे माझं नाही."

"लाल दोरा आहे."

"लाल दोरा काय मी एकटीच विकत घेते? कुठून आणलं?"

नात म्हणाली, "आजी, चौकातल्या दुकानातून."

"आजी कोणाला म्हणतेस? तुझ्या आजोबापेक्षा नऊ वर्षांनी लहान आहे मी! त्यांना विचार, त्यांचे केस काळे होते तेव्हा मी कशी होते." मग माझ्याकडे वळली. "अहो ड्रायव्हर, एवढी वर्षं माझे पट्टे वापरलेत, एक टाका सुटला कधी? त्या दुकानदाराने नक्कल केलीय. माझ्याकडून दहा जोड्या घेतो आणि त्यात बाहेरच्या दहा घुसवतो. थांबा, आज त्याचं दुकानच उसवते!"

आतून धाकटी म्हणाली, "आधी नीट बघ तरी. की दिसतच नाही?"

"तू बोलू नकोस!" ही गरजली. मला नवल वाटलं. या दोघींचं भांडण मला माहीत होतं, पण ते इतकं पिकलंय हे माहीत नव्हतं. वर्षापूर्वी धाकटी म्हणाली होती, तुझ्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, दवाखान्यात चल. ही म्हणाली, माझ्या डोळ्यांना नजर लावू नकोस. तेवढ्यावरून दोघींनी खोली वाटून घेतली. दोऱ्यांच्या फळीवर मधोमध खडूची रेघ. डावीकडचे हिचे रीळ, उजवीकडचे तिचे. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अंगणातले ते दोन खांब. पूर्वी शिवलेली प्रत्येक जोडी खांबांना बांधून, त्यावर झोळी टाकून दोघी बहिणी एकदम त्यात बसायच्या. दोघींचं वजन पेललं तरच पट्टा दुकानात जायचा. गल्लीतली पोरं ते बघायला जमायची, कारण बसल्याबसल्या दोघी भांडायच्या. भांडण झाल्यापासून ठिणगीबाई एकटीच बसत होती. आणि अलीकडे ती वाळून इतकी हलकी झाली होती की तिच्या खाली फुलांचा हारही तुटला नसता. पण हे सगळं माझ्या ध्यानात नंतर आलं. तेव्हा मी उसवलेला पट्टा उचलून फक्त तिच्यामागे धावत होतो.

दुकान गजबजलेलं. तंबू, बूट, चुली, टांगलेल्या झोळ्या. ठिणगीबाई आत शिरली आणि तिने पहिल्याच वाक्यात गर्दीचे दोन भाग केले.

"अरे चोरा, माझ्या नावाने काय विकतोस?"

दुकानदार तरुण माणूस, पण कच्च्या गुरूचा चेला नव्हता. "बाई, हळू. गिऱ्हाईक आहेत."

"गिऱ्हाईकांनाच ऐकवायचंय! हा बघा, हा म्हातारा याच्या पट्ट्यावरून पडला. कमरेचं हाड मोडता मोडता वाचलं!"

सगळे माझ्या कमरेकडे बघायला लागले. मी उगीच जरा जास्त लंगडलो.

"तुमचेच आहेत पट्टे," दुकानदार म्हणाला. "गेल्या आठवड्यात चौदा जोड्या दिल्यात. दुसऱ्या कोणाकडून मी पट्टे घेत नाही. तुमच्या तोंडाला कंटाळून घ्यावेत असं रोज वाटतं, पण घेत नाही."

"माझे असतील तर माझी खूण असेल. नसेल तर तुझ्या दुकानाला टाळं लावून चावी नाल्यात टाकेन!"

आकड्याला पाच जोड्या टांगलेल्या होत्या. तिने एक ओढली. तिची खूण आम्हा जुन्या गिऱ्हाइकांनाच ठाऊक होती. चौकट पूर्ण झाली की डाव्या कोपऱ्यात ती मशीन उलटं चालवून तीन टाके एकावर एक घ्यायची. तिथे बारीक गाठ यायची. डोळ्याला दिसत नसे, नखाला लागायची. तिने अंगठ्याचं नख कोपऱ्यावर फिरवलं. थांबली. परत फिरवलं. दुसरी जोडी घेतली. तिसरी. माझ्या हातातला उसवलेला पट्टा ओढून घेतला आणि त्याच्या उरलेल्या कोपऱ्यावर नख फिरवलं.

प्रत्येक कोपऱ्यात गाठ लागली.

मग तिने काउंटरवरचा विकाऊ लायटर उचलला. पट्ट्याच्या वरच्या बाजूचा एक दोरा उपसून पेटवला. दोरा वितळला आणि टोकाला टणक काळा मणी झाला. "वरचा पॉलिस्टर. बरोबर." मग उलट्या बाजूचा, म्हणजे बॉबिनमधून येणारा दोरा उपसला आणि पेटवला. तो कागदासारखा जळाला आणि राख होऊन तिच्या बोटांवरून उडाली.

"सुती," ती म्हणाली. "खालचा दोरा सुती आहे. गोधडीचा."

दुकानदाराला काही कळलं नाही. मला हळूहळू कळलं. लाल सुती दोऱ्याचं रीळ त्या खोलीत एकच होतं, धाकटीच्या बाजूला. पॉलिस्टरच्या रिळाला चकाकी असते, सुतीला नसते. तेवढाच फरक. ज्या बाईला चूक दिसावी म्हणून लाल दोरा हवा होता, तिला आता लाल आणि लाल यातला फरक दिसत नव्हता. फळीवरची खडूची रेघही दिसली नव्हती.

ती उसळली, पण आता कोणावर ते तिचं तिलाच माहीत. पाचही जोड्या खाली ओढल्या, दुकानदाराच्या कात्रीने एकेक फास कापला. कात्री चालत होती आणि ती दातओठ खात स्वतःशीच बोलत होती, "टवळे, मुकादमाला शिकवायला गेली होतीस! टवळे!" कोणीतरी फिसकन हसलं. तिने वर पाहिलं नाही.

"चौदापैकी पाच इथे, एक या म्हाताऱ्याची. आठ कुठे आहेत?"

"पाच तर आमच्या ग्रुपने घेतल्यात," नात म्हणाली. तिने तिथूनच फोन लावायला सुरुवात केली.

"राहिल्या तीन. तिघं कोण? आठव!"

दुकानदार ओशाळला. "मी काय नावं विचारतो का? आणि बाई, आता दारावर बोर्ड लावायला सांगू नका. दुकानाचं नाव जाईल."

"कोणाच्या पोराचं डोकं फुटलं म्हणजे राहील का नाव?" आता तिचा आवाज परत चढला. "बोर्ड मी लिहिते. खाली माझं नाव घालते. स्टूल दे."

दोन दिवस ती त्या दुकानाच्या दारात स्टुलावर बसली. गळ्यात पुठ्ठा: *गेल्या आठवड्यात लाल दोऱ्याचे पट्टे घेतले असतील तर झोळी बांधू नका. परत आणा. चूक माझी आहे.* अक्षर धाकटीचं होतं. म्हणजे भांडण असलं तरी एवढं लिहून मागितलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्यावर ती खेकसत होती, "वाचता येत नाही का? उभे राहा, वाचा!" पोरांच्या पाच जोड्या आल्या. पुठ्ठा वाचून आणखी दोन आल्या. तेरा झाल्या. एक राहिली.

शनिवारी दुपारी दुकानदाराला एकदम आठवलं. "बेकरीवाला! तो पण घेऊन गेला होता. मुलीला घेऊन तळ्यावर जाणार म्हणत होता." बेकरीत त्याची बायको होती. ती म्हणाली, दोघं सकाळीच गेले, तिथे फोन लागत नाही.

मी मुलाची व्हॅन काढली. ठिणगीबाई शेजारी, मांडीवर नवीन पट्ट्यांची जोडी आणि कात्री. पूर्ण वाटभर तिने मला शिव्या दिल्या. ट्रक चालवायचात की म्हैस, खड्डा चुकवता येत नाही का, गिअर कुठे आहे ते तरी माहीत आहे का. मी गाडी दामटत राहिलो.

तळ्याच्या काठाला उतार आहे, दगडांचा. दोन झाडांमध्ये ती झोळी, जमिनीपासून छातीएवढी उंच, पोरीला वरून पाणी दिसावं म्हणून. आत बेकरीवाला झोपलेला आणि त्याच्या पोटावर पाचसहा वर्षांची मुलगी. वारा आला की झोळी हलायची. खाली टोकदार दगड. मी फासाकडे बघितलं. चौकटीच्या दोन बाजू सुटलेल्या होत्या. उरल्या होत्या दोन आणि मधली फुली.

"तो दचकून उठला तर सुटेल," मी पुटपुटलो. "ओरडू नकोस."

ती बाई, जिचा आवाज गॅरेजच्या हातोड्यांवर मात करायचा, ती पाय न वाजवता दगडांवरून गेली. झोळीच्या खाली पाठ लावून वाकली. आणि मी जन्मात ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाली, "भाऊ. अहो भाऊ. हलू नका हं. पोरीला या आजोबांकडे द्या."

बेकरीवाल्याने डोळे उघडले. "कोण तुम्ही?"

"सांगते. आधी पोर द्या. हळू. शहाण्या बाळा, ये."

मी मुलगी घेतली. मग तो एकेक पाय खाली सोडत उतरला. त्याचा दुसरा पाय जमिनीला लागला तशी ती सरळ झाली, आणि फास त्याला दाखवला. बोटाने जरासं ओढताच तिसरी बाजू सुटली.

बेकरीवाल्याचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. आणि मग तो जो सुटला! "तुम्ही माणसं आहात की कोण? लेकरू होतं माझं त्यात! शिवता येत नाही तर दुकान कशाला मांडता? डोळे फुटले होते का?"

"हो," ती म्हणाली.

तो आणखी चिडला. हात नाचवत ओरडत राहिला. ती समोर उभी राहून सगळं ऐकत होती, जसं इतकी वर्षं लोक तिचं ऐकत आले होते. तो दम घ्यायला थांबला तेव्हा तिने विचारलं, "राहिलंय काही? असेल तर बोला. मी उभी आहे."

त्याने मुलीला जवळ ओढलं. तिने जुने फास कापले, नवीन पट्टे झाडांना बांधले, तेही गुडघ्याएवढ्या उंचीवर, आणि माझ्याकडे बोट केलं. "बसा."

"मी? परत?"

"तुमच्याएवढं वजन इथे कोणाचं आहे?"

बसलो. मुलगी टाळ्या वाजवत म्हणाली, "आजोबा घाबरले!" घाबरलो होतोच. पट्टा मात्र जागचा हलला नाही. ते धाकटीने रीळ तपासून दिल्यावर शिवलेलं काम होतं, हे मला नंतर कळलं.

परतताना तिने गाडीत एकच प्रश्न विचारला. "डोळ्यांचा दवाखाना सोमवारी किती वाजता उघडतो?"

शस्त्रक्रिया झाल्यावर आठवड्याने मी बघायला गेलो. धाकटीने तिच्या डोळ्यावरचा हिरवा चष्मा काढला होता. ठिणगीबाई मशीनपाशी उभी होती, हातातलं रीळ नाचवत.

"इतका भडक? इतका? माकडाच्या पार्श्वभागासारखा! आणि तुम्ही कोणी बोलला नाहीत? सगळ्या गावाला मी या रंगाच्या दोऱ्याचे पट्टे विकत होते?"

"तीस वर्षं हाच आहे," धाकटी म्हणाली.

"आणि तो दोरेवाला? त्या गरिबाला मी तीन वर्षं चोर म्हणत होते, तर उलटून एक शिवी दिली नाही! असा कसा मुळमुळीत माणूस? बोलवा त्याला, आज त्याला सोडत नाही!"

"आधी ही जोडी तपास," धाकटी म्हणाली आणि झोळी घेऊन अंगणात गेली. फळीवरची खडूची रेघ कोणीतरी ओल्या फडक्याने पुसली होती, पांढरट डाग तेवढा राहिला होता. खांबांना नवी जोडी बांधली. ठिणगीबाई बसली. धाकटी तिच्या शेजारी बसली.

"सरक."

"कुठे सरकू? झोळी आहे, दिवाणखाना नाही."

"किती वजन वाढलंय तुझं!"

"तुझं घटलंय ना, मग कोणी तरी खायला हवं."

पट्टे ताणले, खांब करकरले, दोन्ही फास जिथल्या तिथे राहिले. भिंतीवर पोरं चढली होती. ठिणगीबाईने एकेकाकडे मान वळवून पाहिलं. आता तिला त्यांचे चेहरे दिसत होते, आणि प्रत्येकाला त्याचा चेहरा बघूनच वेगळी शिवी मिळाली.